डीजेचा आवाज वाढला, पण पोरांच्या मनाला झील कोण धरणार?

सांगली : गणपती जवळ आले की जिल्ह्यात दरवर्षी तोच वाद पेटतो. डीजे लावायचा की नाही? पोलीस ठाण्यात मंडळांच्या बैठका होतात, डेसिबलचे आकडे वाचून दाखवले जातात, पदाधिकारी माना हलवतात आणि मिरवणुकीच्या रात्री खिडक्यांच्या काचा थरथरतात त्या थरथरतातच. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गणपतीच्या मिरवणुकीतल्या दणदणाटात दोन तरुणांचा जीव गेल्याच्या बातम्या राज्यभर झाल्या. चार दिवस हळहळ झाली, पुढच्या वर्षी पुन्हा भिंती उभ्या राहिल्या. त्यात जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. म्हणजे उत्सव आता आणखी मोठा होणार, लहान नाही.

या सगळ्या वादात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पोरं त्या साउंडच्या भिंतीसमोर जातात कशाला?

"वाया गेलीत, दुसरं काय" हे उत्तर पारावर लगेच मिळतं. ते सोपं आहे, पण खरं नाही. वर्षभर बापाशी चार शब्द न बोलणारं पोरगं भिंतीसमोर तीन तास घाम गाळून नाचतं, तेव्हा त्याच्या आत काहीतरी तुंबलेलं असतं. ठेका सुरू झाला की अंग मोकळं होतं. ही गरज खरी आहे आणि ती भागवायला ताल लागतो, हेही खरं आहे. अडचण पुढं आहे. डीजेसमोर अंग मोकळं होतं, तोंड नाही. तिथं शेजारच्या मित्राच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. पोरगं जे घेऊन गेलं, तेच घेऊन पहाटे घरी येतं. वर कान बधिर.

आणि घेऊन काय जातं, ते तालुक्या-तालुक्यात फिरलं की कळतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातली पोरं सोळा-सतरा वर्षांची झाली की गलाईच्या धंद्यात केरळपासून दिल्लीपर्यंत कुठंही जातात. सोनं-चांदी गाळायच्या भट्टीपुढं दिवस, दुकानाच्या माळ्यावर रात्र, गाव यात्रेपुरतं. जत, कवठेमहांकाळकडच्या मेंढपाळांच्या पोरांची शाळा मेंढरांमागं तुटते. तासगावात एका अवकाळीनं द्राक्षबाग झोपली की घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोलत नाही, आणि बारावीतल्या पोरीला क्लासची फी मागायची कशी ते कळत नाही. पलूस, वाळवा, मिरज भागात २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेली लेकरं आता कॉलेजात आहेत. ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा ती चौथी-पाचवीत असतील. त्या पाण्याबद्दल त्यांना कुणी कधी विचारलं का? पंचनामे घरांचे झाले, जनावरांचे झाले.

त्यात नीट, सीईटी, भरतीची तयारी, आणि पंचविशी ओलांडली की लग्न जमत नाही म्हणून टोमणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले. राज्यांच्या यादीत आपण पहिले. प्रत्येकाचं कारण वेगळं असणार आणि एका कारणावर बोट ठेवणं चुकीचं आहे. पण "काल तर नीट जेवला, काही बोलला नाही" हे वाक्य अशा घरांत हमखास ऐकू येतं.

आपल्याकडं याची सोय होती

सांगली जिल्ह्याला हे नवीन शिकवायची गरज नाही. मनातलं तालावर मांडायची सोय इथं गावागावांत होती, फक्त तिला कुणी समुपदेशन म्हणत नव्हतं.

जात्याचंच बघा. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या. हात खुंट्यावर, नजर पिठावर, एकमेकींच्या डोळ्यांत बघायची गरज नाही. दगडाची घरघर चालू झाली की ओवी यायची आणि त्या ओवीत सासरचा जाच, माहेरची आठवण, मेलेलं लेकरू, दारू पिणारा नवरा, सगळं यायचं. उद्या सासूनं हटकलंच तर "ती ओवीच हाय, आत्याबाई" म्हणून सुटताही यायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्यातल्या बऱ्याच 'पारी'च्या संकेतस्थळावर आवाजासकट आहेत, मोबाईलवर ऐकता येतात. एकदा आजीला ऐकवून बघा, ती तिथं नसलेल्या चार म्हणून दाखवेल.

धनगरी ओवीचंही तसंच. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात ढोल घुमतो तेव्हा एक जण कथा पुढं नेतो आणि मागचे त्याचा शब्द उचलतात. शाहिरीत आणि तमाशात याला झील धरणं म्हणतात. पुढचा कडवं म्हणतो, मागचे साथीदार शेवटचा धागा पकडून सूर लांबवतात. पुढच्याला दम घ्यायला वेळ मिळतो आणि त्याला कळतं की आपलं म्हणणं मागच्यांनी ऐकलंय.

आमच्या मते सगळ्या विषयाची चावी या झील शब्दात आहे. दुःख सांगणारा एकटा नसतो. तो बोलतो, गट ते उचलतो, पुन्हा म्हणतो, सल्ला देत नाही, मध्येच तोडत नाही. आजचे समुपदेशक 'ऐकून घेणं' म्हणून जे शिकवतात, ते आपले झीलकरी डफावर करत होते.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आठवा. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात राज्यभर गाजली. तिची मांडणी काय आहे? मुंबईत पोट भरायला गेलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि त्याच झुरण्यातून बेळगाव-कारवार महाराष्ट्राबाहेर राहिल्याचं दुःख उभं राहतं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं गिरणी कामगारांपुढं हेच केलं. हजारो गडी गाव सोडून आलेले, प्रत्येकाला वाटायचं हे माझंच आहे. आज चेन्नईत किंवा कोलकात्यात गलाईच्या भट्टीपुढं बसलेल्या पोराची मैना वेगळी असेल, मोबाईलवर दिसतही असेल. झुरणं तेच आहे.

पण जुनं सगळं सोनं नव्हतं

इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण "पारंपरिक वाद्यं आणा" म्हणून पत्रक काढणं सोपं असतं.

हलगी घ्या. कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगी कडाडली नाही तर पैलवानाच्या अंगात येत नाही. एका हातात जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक, वाजवण्याआधी जाळावर धरून कातडं ताणून घ्यायचं, आणि मग तो आवाज थेट छातीत. पण ही हलगी पिढ्यानपिढ्या वाजवली कुणी? गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांनी. लग्न तुमचं, मिरवणूक तुमची, मैदान तुमचं आणि वाजवणारा जेवायला शेवटच्या पंगतीला. म्हणून त्या समाजातली कितीतरी शिकलेली पोरं आज हलगीला हात लावायला तयार नाहीत. त्यांचं चुकत नाही. वाजवायचं त्यांनी आणि मन मोकळं करायचं दुसऱ्यांनी, असा तो व्यवहार होता. आता शाळेत हलगी शिकवायची असेल तर शिकवणारा माणूस 'गुरुजी' म्हणून वर्गात यायला पाहिजे, मानधन घेऊन, खुर्चीवर बसून. आणि वाजवणाऱ्या पोरांत सगळ्या आळीची पोरं पाहिजेत.

पोरींचंही तेच. जात्यावरची ओवी त्यांची होती, जातं गेलं, गिरणी आली. कष्ट वाचले हे चांगलंच झालं, पण ती जागाही गेली. गजीच्या रिंगणात, लेझीमच्या डावात बराच काळ गडीच. शहरातल्या ढोल-ताशा पथकांत आता पोरी कमरेला ढोल बांधून उभ्या राहतात, हे त्या पथकांचं मोठं काम मानलं पाहिजे, मग त्यांच्या पेहरावाच्या नाटकीपणावर कुणी कितीही हसो. खेड्यात मात्र पोरगी नववीत गेली की लेझीमसुद्धा सुटते. तिला उरतो मोबाईल आणि त्यावरचं दुसऱ्याचं गाणं, ज्यावर ओठ हलवून रील करायची. आवाज तिचा नाही, शब्द तिचे नाहीत. तरी ती करते, कारण दुसरं काही हाताशी नाही.

रॅपला नाकं मुरडणाऱ्यांनाही एक सांगायला पाहिजे. तालावर बोलत जाणं, यमक जुळवणं, मध्येच समोरच्याला आव्हान देणं, हे पोवाड्यापासून किती लांब आहे? तुमच्या गल्लीतलं एखादं पोरगं फोनवर ठेका लावून स्वतःचे शब्द जुळवत असेल तर त्याला "काय बडबड लावलीय" म्हणू नका. ते जुळवतंय म्हणजे आत काहीतरी लावून बघतंय. शब्दांत शिव्या असतील, त्या नंतर गळतील.

संगीतानं खरंच फरक पडतो का?

पडतो, पण जादू नाही. कॉक्रेन ही जगभरातल्या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणारी संस्था. तिनं २०१७ मध्ये नैराश्यावरच्या संगीतोपचाराचे ९ अभ्यास, एकूण ४२१ माणसांचे, तपासले. नेहमीच्या उपचाराला संगीताची जोड दिली तर थोड्या काळापुरती तरी लक्षणं जास्त कमी होतात, असं त्यातून दिसलं. अभ्यास लहान आहेत आणि मुद्दा 'जोड' या शब्दाचा आहे. औषध चालू असेल तर ते बंद करून ढोल वाजवायचा नाही. पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल तर डॉक्टरच लागतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर मंडळाच्या ग्रुपवर टाकायला डेसिबल लागत नाहीत.

आवाजाचाही हिशेब करून ठेवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. हे गणित करत गेलं तर १०१ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम १९-२० मिनिटं उरतात. मिरवणूक किती तास चालते ते तुम्हाला माहीत आहे. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालापासून आहे. आणि हे फक्त डीजेला लागू नाही. पन्नास ढोल अरुंद गल्लीत एकदम सुरू झाले तरी कानाचं तेच होतं. पारंपरिक म्हणून कातडं कानाला सूट देत नाही.

शाळा काय करू शकते

कागदावर बघितलं तर वेळ बरी आहे. पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम राज्यानं २०२४ मध्ये आणला. म्हणजे शनिवारी दप्तराचं ओझं बाजूला ठेवून काहीतरी करायला वेळ आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर देशभरासाठी सूचना दिल्या. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृह सगळ्यांना त्या लागू आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक किंवा तशी पात्र व्यक्ती पाहिजे, कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं.

आता गंमत बघा. शिक्षण हक्क कायद्यातही कला शिकवणारा अर्धवेळ निदेशक कधी मिळतो, तर सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त पोरं असतील तेव्हा. दोन्हीकडं शंभरचा आकडा आडवा येतो. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत सहावी ते आठवी मिळून तीस-चाळीस पोरं असतात, काही ठिकाणी तर चौथीलाच शाळा संपते. म्हणजे समुपदेशक नाही आणि संगीत शिकवणाराही नाही. ज्या पोराला तालुक्याला जायला एसटी नाही, त्यालाच दोन्ही नाही. पालकसभेत हा प्रश्न विचारायला हवा : आपली शाळा कोणत्या तज्ज्ञाशी जोडलीय, नाव सांगा.

तोपर्यंत थांबायची गरज नाही. शनिवारचा एक तास आणि ठेका धरता येणारा एक माणूस पुरतो. असा माणूस नाही असं गाव या जिल्ह्यात सापडायचं नाही. भजनी मंडळात मृदंगावाला असतो, हलगीवाला असतो, गजी ढोलवाले असतात.

पोरं गोल बसवायची, पोरी-पोरं एकत्र. पहिले दोन-तीन शनिवार बोलायचं नाहीच, नुसता ठेका. टाळी, बाकावर बोटं, मग वाद्य. ज्याला राग आलाय त्यानं रागाचा ठेका वाजवायचा, बाकीच्यांनी तोच उचलायचा. एवढ्यानंही वर्ग बदललेला दिसेल, कारण कधी न बोलणाऱ्या पोराचं वाजवणं तीस जणांनी पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. मग एक-एक ओळ. समजा एखादा म्हणाला, "पप्पांचा फोन आला, मार्क किती विचारला". बाकीच्यांनी झील धरायची, "मार्क किती विचारला, जी जी". हसू येईल. येऊ द्या. पुढची ओळ त्या हसण्याच्या मागं असते.

यात वही नको, मार्क नकोत, स्पर्धा तर नकोच. केंद्रस्तरीय समूहगान स्पर्धेत नंबर काढायचा म्हटलं की पोरं पुन्हा पाठ केलेलं म्हणायला लागतात. आणि शूटिंग नको. ही गोष्ट शिक्षकांना जड जाईल, कारण उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकायचे असतात. रिकाम्या वर्गाचा, वाद्यांचा फोटो टाका. कुणा पोरीनं घरातलं काही सांगितलं तर ते स्टाफरूममध्ये चहासोबत सांगायचं नाही. गंभीर असेल तर तिच्याशी बाजूला बोलून पुढची मदत मिळवून द्यायची. एका वेळी विश्वास फुटला की तो वर्ग परत बोलणार नाही.

वाद्यांचा खर्च हा मोठा प्रश्न नाही. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर ती बातमी होती. भोपळ्यापासून तंबोरा घडवणारे हात मिरजेत पिढ्यानपिढ्या आहेत. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ त्यांना दफन केलं, आजही तिथं गाणं होतं. एवढं असताना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेची सहल सतारमेकर गल्लीत गेल्याचं तुम्ही ऐकलंय? सहल म्हटलं की वॉटर पार्क. एक तंबोरा जुळताना पोरांनी नुसता ऐकला, चार तारा हळूहळू एकमेकींशी कशा जुळतात ते बघितलं, तर तेही पुष्कळ आहे. संतापलेल्या पोराला ढोल पाहिजे हे खरं, पण काहींना हा हळू आवाजच पाहिजे असतो.

मंडळांकडं पैसा आहे, वेळही आहे

डीजे बंद करा म्हणून भाषण देण्यात अर्थ नाही. ठेका काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही तर पोरं दुसरीकडं जातील, आणि ती दुसरीकडची ठिकाणं गावाला माहीत आहेत. मंडळानं वर्गणीतला काही हिस्सा बाजूला काढून गावातल्याच हलगीवाल्याला, ढोलवाल्याला दोन महिने शिकवायला बोलवावं. मिरवणुकीत एक तास गावच्या पोरापोरींचा, स्वतः वाजवलेला. एखाद्या चौकात थांबून त्यांनी स्वतः जुळवलेली चार कडवी म्हणावीत, पुराची, भट्टीची, क्लासच्या फीची, जे असेल ते. बाकी गावानं मागं उभं राहून झील धरावी. पहिल्या वर्षी बेसूर होईल, ताल चुकेल, कुणीतरी मध्येच लाजून पळेल.

साउंडवाल्याला सुपारी श्रावणातच दिली जाते, एकदा ॲडव्हान्स गेला की मग कुणाचं काही चालत नाही. त्यामुळं मंडळाची ही बैठक आषाढात, बेंदूर झाला की लगेच घ्यावी लागेल, आणि त्या बैठकीला पोरींनाही बोलवावं लागेल.